सूर, जीभ आणि फुंकर

बशीतल्या चहावर मामा फुंकर मारायचे आणि लाट पलीकडच्या कडेपर्यंत जाते का ते वाकून बघायचे. गेली तर म्हणायचे, "हाय, आजून हाय." नाही गेली तर काहीच बोलायचे नाहीत. चहा एका घोटात संपवून बशी पालथी घालायचे. नव्या माणसाला वाटायचं, चहा गरम असेल. माझ्या स्टुडिओत चहा कधीच गरम येत नाही. मामा चहा निववत नव्हते, छाती मोजत होते.

असं एखादं माणूस तुमच्याही गल्लीत असेल. त्याच्या लकबीवर आपण हसतो, चार लोकांत त्याची नक्कल करून दाखवतो. मीही मामांची नक्कल करायचो. बरी करायचो. आता करत नाही.

भवानी पेठेत खाली टॉवेलचा कारखाना आणि वर माझा स्टुडिओ. रिक्षावर फिरणाऱ्या जाहिराती, लग्नाची गाणी, जयंतीची गाणी, पुढाऱ्यांचे वाढदिवस, हे माझं काम. माग चालू असले की माझ्या भिंती थरथरतात, म्हणून आवाज भरायचं काम खालच्या लोकांच्या जेवणाच्या सुट्टीत उरकावं लागतं. मामा त्या कारखान्यात कामाला होते आणि लग्नसराईत सनई वाजवायचे. सुट्टीत डबा खाऊन ते वर यायचे, दारात उभे राहून डोक्यावरचे, भुवयांवरचे कापसाचे तंतू झटकायचे आणि ऐन मे महिन्यात म्हणायचे, "मालक, सोलापुरात बर्फ पडलाय बगा."

आमच्याकडे कुणीही कुणालाही मालक म्हणतो. पण मामा तो शब्द असा उच्चारायचे की आपल्याकडे खरंच काहीतरी मालकीचं आहे असं वाटायचं.

गरीब स्वभावाचा साधा माणूस, असं त्यांच्याबद्दल मी लिहिणार नाही. ते भांडखोर होते. बढाईखोरही होते. बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्याशी त्यांनी वर्षानुवर्षं अबोला धरला होता, कारण त्याने एका वरातीत सनईला 'पिपाणी' म्हटलं होतं. एकदा एका लग्नात नवऱ्या मुलाच्या चुलत्याने सिनेमातल्या गाण्याची फर्माईश केली. मामा म्हणाले, "थांबा, हिला इचारतो." सनई कानाला लावली, मान डोलावली आणि चुलत्याला सांगितलं, "न्हाय म्हनतीया." मांडव हसला. चुलता हसला नाही. पुढच्या लग्नाचं काम गेलं. मामा म्हणाले, "गेलं तर गेलं. तिनं न्हाय म्हनल्यावर मी कोण?"

त्या काळात मी त्यांची सनई भरून घेतली होती. लग्नाच्या व्हिडिओंना मागे लावायला. मामांनी डोळे मिटून वाजवली, आणि संपल्यावर पुन्हा ऐकायलाही थांबले नाहीत. "माझी मला ऐकून काय करायची?" म्हणाले, आणि मागावर गेले.

मग छाती गेली. आयुष्यभर कापसाचे तंतू ओढलेली छाती ती. आधी जिना चढताना मध्ये थांबायला लागले, मग जिन्यालाच शिव्या द्यायला लागले. डॉक्टरांनी सनई बंद करायला सांगितली. मामा मला म्हणाले, "त्यांनी छाती तपासली. सनई तपासली का?" पण दुसऱ्याच आठवड्यात एका मांडवात सूर मध्येच तुटला, आणि मामांना खुर्ची द्यावी लागली. त्यानंतर त्यांनी सनई पिशवीतून बाहेर काढलेली मी पाहिली नाही.

लग्नांचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. दुःख होतं ते मानाचं.

मामांचं गाव मंगळवेढ्याच्या बाजूला. ज्वारी कमरेवर आली की तिथे ग्रामदैवताची जत्रा भरते. पहाटे पालखी निघते. भोई खांद्याला दांडा लावून उभे राहतात, पण देवळाच्या ओट्यावरून मामांच्या घराची सनई वाजल्याशिवाय पालखी उचलायची नाही, अशी रीत. मामांच्या आज्याने वाजवली, बापाने वाजवली, मग मामांनी. वर्षभर गावात या घराला कुणी विचारत नसे. त्या एका पहाटे मात्र सगळं गाव, पाटलापासून सगळे, थंडीत उभे राहून यांच्या पहिल्या सुराची वाट बघायचे. मामांना मूलबाळ नव्हतं. पुतणे होते, पण एकानेही सनई हातात धरली नव्हती.

जत्रेच्या आधी देवस्थान कमिटीचा अध्यक्ष सोलापूरला आला. तरुण माणूस, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान असलेला. मामांच्या खोलीत जागा नव्हती म्हणून बोलणं माझ्या स्टुडिओत झालं.

"मामा, छातीचं कळलं. ह्या सालापास्नं आपन पेन ड्राइव्ह लावू की. तुमी निस्तं येऊन बसा."

"मान पेन ड्राइव्हला न्हाय. घराला हाय."

"घरात वाजवनारं कोन हाय?"

मामांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्यांच्याकडं एक मशीन हाय. त्याच्या नरड्यात सनई हाय. मी हातानं वाजवतो."

अध्यक्षाने विचार केला. वाईट माणूस नव्हता तो. "वाजवा. मशीन असू दे. पर तुमच्या हातानं वाजलं पायजे, समद्यांच्या म्होरं. रेकॉर्ड लावायची तर मग आमी आमची लावतो. मान तितंच संपला म्हना. पटतंय का?"

"पटलं," मामा म्हणाले.

ते मशीन म्हणजे माझा मॉड्युलर सिंथेसायझर. लॉकडाउनमध्ये रिकामा बसलो होतो तेव्हा पुण्यातल्या एकाकडून जुना घेतलेला. तुम्ही तो पाहिला नसेल तर सांगतो. लाकडी चौकटीत उभ्या बसवलेल्या पत्र्याच्या पट्ट्या. एक पट्टी सूर काढते, एक तो गाळते, एक लहानमोठा करते. प्रत्येकीला बटणं आणि भोकं. कुठल्या भोकातली वायर कुठल्या भोकात घालायची ते आपण ठरवायचं. कारभार सगळा विजेच्या दाबावर. दाब वाढला की सूर चढतो, उतरला की उतरतो. मामींनी पहिल्यांदा बघितला तेव्हा म्हणाल्या होत्या, "ह्ये काय, टेलिफोन हापिसातनं चोरून आनलंय व्हय?" पण एकदा मी त्यातून एक करकरीत सूर काढून गाळून घेत होतो, तेव्हा मामा दारातच थबकले होते. म्हणाले, "ह्यो आमच्या जातीचा हाय की, मालक. फकस्त ह्याला बोलाय कुनी शिकवलं न्हाय."

या मशीनला कीबोर्ड जोडायचा तर मध्ये एक डबी लागते. कीबोर्ड आकड्यांत बोलतो: अमुक पट्टी दाबली, एवढ्या जोरात दाबली. मशीनला आकडे कळत नाहीत, विजेचा दाब कळतो. एकाचं दुसऱ्याला सांगणारी ती डबी. तिला मिडी टू सीव्ही कन्व्हर्टर म्हणतात. मी हे मामांना समजावून सांगितलं.

"म्हंजे तेलगू सासू, मराठी सून, आन मधी नात," मामा म्हणाले.

"अगदी तसंच."

"मग नात हुशार बगून घ्या, मालक. अर्धंच सांगनारी नको."

मी कॉम्प्युटरवर त्यांना दोन डब्या दाखवल्या. त्यांनी पडद्यावर बोट टेकवून भोकं मोजली.

"हिला तोंडं किती?"

"दोन. एकातून सूर जातो. दुसऱ्यातून पट्टी दाबली, सोडली, एवढंच."

"म्हंजे सूर आन जीभ. आन फुंकर?"

मी म्हणालो, "ती दुसऱ्या डबीत आहे. तिला चार तोंडं आहेत. शिवाय कीबोर्डचं चाक फिरवलं तर ती सूर ओढूनही नेते, मींडेसारखा. आणि मशीनचा सूर हलला तर ऐकून जाग्यावर आणते."

"मग तीच. सूर, जीभ, फुंकर. चौथं तोंड मोकळं ठिवा, देवाच्या नावानं." आणि खूश होऊन खोकले.

मी दोन तोंडांची मागवली.

आजवर कुणी विचारलं तर सांगत आलो की दुसरी डबी वेळेत आली नसती. ते अर्धं खरं आहे. बंगळुरूच्या एका विक्रेत्याला फोन करावा लागला असता, मागे लागावं लागलं असतं. मी फोन केलाच नाही. पूर्ण खरं हे की मला वाटलं, गावच्या जत्रेत, पहाटेच्या अंधारात, कोण ऐकणार आहे मींड? या म्हाताऱ्याला एवढं कशाला लागतंय? चार सूर वाजले, पालखी उठली, संपलं. हे मी तेव्हा शब्दांत म्हटलं नव्हतं. पण माणूस काय मागवतो त्यावरून त्याने काय ठरवलंय ते कळतं.

डबी आल्यावर मामांनी ती उलटीपालटी करून बघितली. "दोनच की."

"मामा, चालेल. हीच बरी आहे आपल्या कामाला."

मी सांगितलं म्हणून त्यांनी मानलं. या यंत्रांच्या बाबतीत ते माझ्यावर विसंबून होते.

सरावाला बसले तेव्हा लगेच कळलं. मामांचा डावा हात त्या चाकावर जायचा, ते फिरवायचे, आणि काहीच व्हायचं नाही. डबी ते चाक मशीनला सांगतच नव्हती. सूर पायऱ्या चढल्यासारखे सुटे सुटे यायचे. आणि प्रत्येक सूर सारखाच, ना फुगणारा ना विरणारा, रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेआधीच्या घंटेसारखा. मामा पट्टी दाबताना गाल फुगवायचे. सवयच ती. ओठांत काही नसलं तरी गाल फुगायचे, मानेच्या शिरा तटतटायच्या.

"नात अर्धंच सांगतीया, मालक."

तेव्हा मी एक तोड काढली. फुंकर मी द्यायची. ते पट्ट्या दाबतील, मी मशीनपाशी बसून आवाज लहानमोठा करायचं बटण हाताने फिरवेन. पण केव्हा फिरवायचं? मामांचे गाल बघून. गाल फुगले की बटण उजवीकडे, गाल बसले की डावीकडे. पहिल्या दिवशी आम्ही दोघे हसून हसून थकलो. मामा मुद्दाम गाल फुगवून मला फसवायचे. पण मग जमायला लागलं. शेवटच्या आठवड्यात एक वेळ अशी आली की खालचे माग बंद झाले होते, मामा वाजवत होते, मी त्यांच्या गालांवर नजर ठेवून बटण फिरवत होतो, आणि त्या लोखंडी पट्ट्यांतून सनई वाजली. पूर्ण नाही, पण सनई. संपल्यावर मामा बराच वेळ पट्ट्यांवर हात ठेवून बसले. म्हणाले, "माझा दम तुमच्या बोटात हाय आता. जपून वापरा."

मी त्यावर काहीतरी विनोद केला. काय केला ते आठवत नाही.

जत्रेला निघताना मी लॅपटॉपमध्ये आणखी एक गोष्ट घेतली, आणि मामांना सांगितलं नाही. त्यांची जुनी सनई. मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवत वाढलो. आमच्या धंद्यात स्टेजवर काही बिघडलं की 'ट्रॅक सोडतात'. मागून भरलेला आवाज चालू करायचा, पुढचा माणूस हात हलवत राहतो, लोक नाचत राहतात. त्यात कुणाला लाज वाटत नाही. आमच्याकडे ते सामानात एक जादा दोरी ठेवण्यासारखं आहे. म्हणून घेतली.

गावात पोचलो तेव्हा थंडी अशी की बोटं वळत नव्हती. काळ्या रानातली थंडी ती, सोलापूरच्या पेठेत कळत नाही. देवळापुढे गाव उभं होतं, घोंगड्या, शाली, कानटोप्या. भोयांनी दांड्याला खांदा दिलेला. मामांनी फेटा बांधला होता. घोंगडीवर बसून त्यांनी कीबोर्ड मांडीपुढे ओढला, आणि त्याच वेळी मामींनी, छातीला वारा लागू नये म्हणून, त्यांच्या नाकातोंडावरून मफलर घट्ट गुंडाळला.

त्यांचे गाल दिसेनात.

"मामी, जरा—" मी म्हणालो.

"गप बसा वो तुमी. छातीत वारं गेलं तर तुमी निस्तारनार हायसा का?"

मामा डोळ्यांनी हसले आणि त्यांनी पहिला सूर दाबला. तो बरा लागला. दुसराही. मग तो घसरायला लागला. उकाड्याच्या खोलीत जुळवलेलं मशीन थंडीत उघड्यावर आलं होतं, आणि विजेवर चालणारे हे जुने सूर गारठ्यात जागा सोडतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं, अंगावर आलं नव्हतं. शेजारच्या सूरपेटीवर धरलेला खालचा षड्ज एकीकडे आणि मामांचा सूर दुसरीकडे, दोघे एकमेकांत घासून डचमळत होते. मी एका हाताने सूर जाग्यावर आणायला गेलो, तर दुसऱ्या हाताला गाल दिसेनात. फुंकर कुठे द्यायची तेच कळेना. सूर सुटे सुटे पडायला लागले. कुणीतरी म्हणालं, "मोबाइलची रिंग वाजतीया बगा." पोरं हसली. एक म्हातारा म्हणाला, "पयल्यासारकं न्हाय." भोयांनी खांदा बदलला. मामांचा डावा हात पुन्हापुन्हा त्या चाकावर जात होता, ज्याने काहीच होत नव्हतं.

मी ट्रॅक सोडला.

विचार केला नाही. हात गेला. मशीनचा आवाज खाली आणला आणि जुनी सनई वर. लोक एकदम शांत झाले. एका म्हातारीने हात जोडले. मोकळी, भरलेली, दमदार सनई ती, अशी की माझ्याही अंगावर काटा आला. दोन-चार क्षण मला वाटलं, वाचलो.

मग मी मामांकडे बघितलं. आमच्या धंद्यात अशा वेळी माणूस हात हलवत राहतो. मामांनी हात उचलले. दोन्ही. पट्ट्यांपासून वर, हवेत धरले, आणि मान कलती करून ते ऐकायला लागले. मला उघडं पाडायला की आणखी कशाला, मला माहीत नाही. मला वाटतं, ते नुसते ऐकत होते. आपली सनई त्यांनी बाहेरून कधी ऐकलीच नव्हती.

सनई वाजत राहिली. हात वर होते.

अध्यक्ष पुढे आला. "मामा, हात वर हाईत की तुमचे. मग वाजवतंय कोन?"

मी लॅपटॉप बंद केला. मागे नुसता षड्ज गुणगुणत राहिला. अध्यक्षाने आधी माझ्याकडे बघितलं. माझा हात अजून लॅपटॉपवरच होता. मी बोलणार होतो, असं मी पुढे अनेकदा स्वतःला सांगितलं.

मामांनी मफलर खाली ओढला. "मीच लावाय सांगितलं. ह्यांचा काय संबंध न्हाय. ह्ये मशीनवाले हाईत."

"मामा, खरं सांगताय न्हवं?"

"व्हय."

अध्यक्ष तरीही उभाच राहिला. कुणी हसत नव्हतं. बरंच थांबला तो. मग वळला आणि भोयांना म्हणाला, "उचला."

पालखी सनईशिवाय उठली.

परतीच्या वाटेवर गाडीत मामी मागे बसल्या होत्या, खिडकीकडे तोंड करून. मामा माझ्या शेजारी. मंगळवेढा आल्यावर, फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, "ते कवा भरलं हुतं?"

"तुमची छाती बरी होती तेव्हा. लग्नाच्या व्हिडिओसाठी."

"चांगला दम हुता की," ते म्हणाले. जणू दुसऱ्या कुणाबद्दल बोलत होते. मला त्यांनी काही विचारलं नाही, दोष दिला नाही. मीही माफी मागितली नाही. मागायची तर मामींच्या समोर मागावी लागली असती.

त्यानंतर ते वर यायचे बंद झाले. जिना चढवत नाही, असा निरोप आला. ते खरंही असेल. उन्हाळ्यात त्यांना दवाखान्यात ठेवलं. मी सफरचंदं घेऊन गेलो. नळी लावलेली होती, बोलता येत नव्हतं. मामी पायाशी उभ्या होत्या. त्यांनी मला खुर्ची दिली. मी हवेबद्दल बोललो आणि निघालो. पावसाळ्याच्या आत मामा गेले.

पुढच्या जत्रेआधी अध्यक्षाचा फोन आला. "मालक, ती रेकॉर्डिंग आपल्याला पायजे. लई भारी हुती. लोक आजून आठवन काढत्यात." मी पाठवून दिली. पाठवताना बटण दाबायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला. आग्रहाचं बोलावणं होतं म्हणून गेलोही. ओट्यावर, मामा बसायचे तिथे, काळा साउंडबॉक्स ठेवला होता. त्यातून मामांनी वाजवलं, आणि पालखी उठली.

मग अध्यक्षाने सगळ्यांसमोर टॉवेल आणि मानाचा नारळ माझ्यापुढे धरला. "रेकॉर्डिंग तुमचं. मग मानबी तुमचाच."

तेव्हा मी बोललो. त्याला बाजूला घेऊन नाही, तिथेच. की मामांनी काही लावायला सांगितलं नव्हतं. मी लावलं होतं. त्यांना ठाऊकही नव्हतं. डबीसुद्धा मीच चुकीची घेतली होती, ते नको म्हणत असताना.

अध्यक्ष जराही चकित झाला नाही. "ठाऊक हाय, मालक," तो म्हणाला. "हात तुमचा हुता की त्या मशीनवर. गावानं बगितला. तुमी बोलताय का म्हनून तर आमी थांबलो हुतो. तुमी बोलला असता तर त्यास्नी म्हनलो असतो, वाजवा परत, कसंबी वाजवा. पर त्ये म्हनले मी लावलं, आन तुमी न्हाय म्हनला न्हाय. मानकऱ्याचं बोलनं खोटं कसं पाडायचं?"

आणि मानाचा नारळ जमिनीवर ठेवत नाहीत म्हणून त्याने तो माझ्या हातात दिला.

मी तो मामींकडे घेऊन गेलो. भवानी पेठेतली तीच खोली. शेजारच्या तेलगू बायकांकडून विड्या वळायला शिकून मामींनी त्यावर घर चालवलं होतं. मांडीवर सूप, त्यात पानं आणि तंबाखू. हातांकडे न बघता त्या विडी वळतात, बोलतात, भांडतात, दारातून जाणाऱ्याला टोमणा मारतात, आणि विड्या पडत राहतात.

"या मालक. नारळ कशाचा?"

"जत्रेतला. मानाचा. मामांचा आहे."

"त्यास्नी कशाला द्येत्यात आता? चोरी क्येल्यावर?"

मी सांगितलं. सगळं. बंगळुरूला न केलेला फोनसुद्धा. मामी ऐकत होत्या. हात चालू होते. मध्येच थांबले.

"त्यास्नी ठाव न्हवतं?"

"नाही."

"मग मला का म्हनले, मीच लावलं?"

मी नारळ आमच्या मधल्या पाटावर ठेवला.

"मी काय काय बोलले वो त्यास्नी," मामी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "घराचा मान इकून आलासा म्हनले. जेवताना म्हनले. दवाखान्यात नळी लावली हुती तवाबी म्हनले, खोटं वाजवलं म्हनून द्येवानं दम काढून घ्येतला तुमचा. त्यास्नी बोलता येत न्हवतं. निस्तं बगायचे माझ्याकडं." थोडं थांबल्या. "तुमी आला हुतासा की तवा. सफरचंदं घिऊन."

"हो."

"तवा सांगायचं की, मालक."

त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी सूप पुढे ओढलं, पान उचललं, तंबाखू भरली, आणि वळायला लागल्या. पान फाटलं. ते टाकून त्यांनी दुसरं घेतलं. तेही फाटलं. पहिल्यांदाच मी त्यांना हातांकडे बघून विडी वळताना पाहत होतो. नारळ आमच्या दोघांच्या मध्ये होता. मी उठलो तरी त्यांनी मान वर केली नाही. दारात वळून बघितलं तेव्हा मांडीवर फाटलेल्या पानांचा ढीग झाला होता, आणि त्या आणखी एक पान उचलत होत्या.